पुंगळी का अडकते, हे आधी पुंगळीलाच विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पॉइंट टू-टूची (0.22 इंच मापाची) सेमी-ऑटो रायफल, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी, ब्लोबॅक पद्धतीची (ती काय, ते पुढे सांगतो), काही वर्षं वापरलेली. सुरुवातीला बिनतक्रार चालायची. आता दहा-पंधरा फैरींत एकदा तरी रिकामी पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं पितळी नळकांडं, अडकते. कधी ती खिडकीत (पुंगळी बाहेर पडायच्या फटीत) उभी राहून बोल्टखाली (मागेपुढे सरकणाऱ्या खिट्टीखाली) चेपते, कधी चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) राहते आणि पुढचं काडतूस तिच्या पाठीवर येऊन आदळतं. तुम्ही एक्स्ट्रॅक्टर (पुंगळीची कड धरून तिला ओढणारा आकडा) बदललात, त्याची स्प्रिंगही बदललीत, तरी फरक पडला नाही. आता इजेक्टर (पुंगळीला बाहेर फेकणारा भाग) बदलू का, असं विचारताय.

नका बदलू. इतक्यात कुठलाच भाग बदलू नका. बिघाड कुठे आहे हे ठरण्याआधी भाग बदलत गेलं की दोन बिघाड होतात, एक जुना आणि एक नव्या भागाबरोबर आलेला. मग कुठल्या लक्षणाचं मूळ कशात, हे कळेनासं होतं. माझ्या टेबलावर येणाऱ्या अशा रायफलींपैकी बऱ्याच जणींत नवाकोरा एक्स्ट्रॅक्टर आधीच बसवलेला असतो आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे असतं.

तपासणीआधी एक गोष्ट सांगतो, ती कृपया घाईत वाचू नका. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून धरा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि करंगळीचं टोक लावूनही पाहा. पुंगळी अडकलेली असताना तिच्या मागे बहुतेक वेळा जिवंत काडतूस असतं. पॉइंट टू-टूच्या काडतुसात पेटणारं मिश्रण बुडाच्या मधोमध नसतं, ते कडेच्या पोकळीत असतं. म्हणून अशा जागी स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटणं हा सरळसरळ धोका आहे. बोल्ट मागे धरा, मॅगझिन काढा, रायफल हलवून काडतूस खाली पडू द्या, मग पुंगळीकडे वळा. चाप ओढून बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून निदान 30 सेकंद थांबा. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला असेल तर नळी आरपार मोकळी आहे हे पाहिल्याशिवाय पुढचा बार नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच.

आता यंत्राकडे येऊ. ब्लोबॅक रायफलीत बोल्टला कुलूप नसतं. त्याचं वजन आणि त्यामागची स्प्रिंग, एवढ्यावरच सगळा भार असतो. बार उडाला की दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि त्याच दाबाने मागेही ढकलली जाते. पुंगळी स्वतःच पिस्टनसारखी बोल्टला धक्का देते. हा धक्का फार थोड्या अंतरात, थोड्या क्षणांत संपतो. पुढचा सगळा प्रवास बोल्ट मिळालेल्या वेगावर करतो. एक्स्ट्रॅक्टरचं खरं काम तिथून सुरू होतं: चेंबरमधून उरलेली पुंगळी ओढून आणायची, तिची कड बोल्टच्या तोंडाशी धरून ठेवायची, म्हणजे मागे येताना दुसऱ्या बाजूने इजेक्टर लागला की ती आकड्याभोवती फिरून खिडकीतून बाहेर उडते.

म्हणून तुमच्या दोन तक्रारी दोन वेगळे आजार असतीलच असं नाही. चेंबर खरखरीत किंवा घाण असेल तर पुंगळी घासत येते. घासली की बोल्टला मिळणारा वेग कमी होतो. वेग जरासा कमी पडला तर इजेक्टरचा फटका मंद बसतो, पुंगळी खिडकीत घोटाळते आणि परत येणारा बोल्ट तिला चेपतो. घर्षण आणखी वाढलं तर कड आकड्यातून निसटते आणि पुंगळी मागेच राहते. एकाच कारणाची ही दोन रूपं झाली. नव्या एक्स्ट्रॅक्टरने दोन्ही तशीच राहिली, म्हणून माझा पहिला संशय चेंबरवर आहे.

पण संशयावर काम करायचं नाही. आधी नोंद करा. एकाच प्रकारची 50 काडतुसं घ्या, मॅगझिनवर नंबर टाका आणि प्रत्येक अडकण्याच्या वेळी चार गोष्टी लिहा: मॅगझिन कुठलं, त्यातली कितवी फैर, पुंगळी कुठे आणि कशी अडकली, तिचं तोंड कुठल्या दिशेला होतं. कंटाळवाणं वाटेल, पण कितवी फैर हा आकडा फार बोलका असतो. फक्त भरगच्च मॅगझिनच्या पहिल्या एक-दोन फैरींना अडकत असेल, तर वरचं काडतूस बोल्टच्या पोटाला जोरात दाबून त्याचा वेग खातंय. फक्त शेवटच्या फैरीला अडकत असेल तर गोष्ट उलटी. पॉइंट टू-टूच्या कित्येक रायफलींत रिकाम्या पुंगळीला खालच्या काडतुसाचा आधार मिळतो, ती खाली घसरत नाही. शेवटच्या फैरीला तो आधार नसतो, आणि एक्स्ट्रॅक्टरची ढिली पकड तेव्हा उघडी पडते. एकाच नंबरच्या मॅगझिनला अडकत असेल तर रायफलीला हात लावायची गरजच नाही, त्या मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणारे वरचे काठ) पाहा.

मग पुंगळ्या गोळा करा. नीट बाहेर पडलेल्याही आणि अडकलेल्याही, वेगवेगळ्या डबीत. उजेडात भिंगाखाली एकेक फिरवून पाहा. तोंड चेपलंय की बुडाजवळ खळगा आहे? अंगावर काजळी किती खालपर्यंत आलीय? पॉइंट टू-टूत थोडी काजळी असतेच. पण बुडापर्यंत लांब काळा पट्टा दिसला तर दाब कमी पडतोय किंवा पुंगळी चेंबरला नीट सील करत नाहीये. आकड्याने कडेला खरवडलंय का? खरवडलं असेल तर आकडा पकडतोय, पण पुंगळी सुटत नाहीये. कड कोरी असेल तर आकडा लागलाच नाही. आणि अंगावर उभी रेघ आहे का, तेही पाहा.

या उभ्या रेघेबद्दल जरा सविस्तर सांगतो. तुमच्यासारखीच एक रायफल माझ्याकडे आली होती. मालकाने एक्स्ट्रॅक्टर दोनदा बदलला होता, स्प्रिंग बदलली होती, मॅगझिनही नवं घेतलं होतं. मी सवयीने पुंगळ्या मागितल्या. सात-आठ मिळाल्या. भिंगाखाली प्रत्येकीच्या अंगावर एकच बारीक उभा ओरखडा होता, केसाएवढा. त्या सगळ्या टेबलावर बुडाची बाजू माझ्याकडे करून ओळीने लावल्या आणि फायरिंग पिनची (काडतुसावर आपटून बार उडवणाऱ्या पिनची) खूण बाराच्या काट्यावर येईल अशा फिरवल्या. प्रत्येकीचा ओरखडा त्या खुणेच्या थेट रेषेत आला, एकही इकडेतिकडे नाही. पुंगळी चेंबरमध्ये कशीही फिरलेली असो, पिन जिथे आपटते तिथेच काहीतरी बोचत होतं.

बोल्ट काढून चेंबरच्या तोंडावर उजेड टाकला तर काठावर पिनच्या टोकाच्या आकाराचा एक खळगा. रिकाम्या चेंबरवर चाप ओढून ओढून पिन काठावर आपटत राहिली होती. पिनचा पल्ला रोखणारी आडवी पिन झिजलेली होती, म्हणून ती जायला नको तितकी पुढे जात होती. पोलाद आपटून दबलं की कुठेतरी सरकतंच. इथे ते आत, चेंबरच्या पोकळीत सरकलं होतं आणि त्याची तिथे बोंडासारखी गाठ झाली होती. पितळी पुंगळी फुगली की तिच्यात ती गाठ रुतायची. एक्स्ट्रॅक्टर बिचारा प्रत्येक वेळी पुंगळी त्या गाठीतून ओरबाडून काढत होता.

याचा इलाज कानसाने करायचा नाही. त्यासाठी चेंबर आयर्न नावाचं साधं अवजार मिळतं: कठीण पोलादाची गुळगुळीत, निमुळती सळई. ती चेंबरमध्ये घालून हलक्या हाताने दाबत फिरवली की आत सरकलेला धातू परत काठाच्या दिशेला ढकलला जातो. धातू कापायचा नाही, जागेवर न्यायचा. कानस किंवा ड्रिल लावलं की चेंबर तिथे मोठं होतं, आणि मग पुंगळी त्या भागात जास्त फुगून फाटण्याचा धोका कायमचा मागे लागतो. त्या रायफलीची गाठ बसवली, आडवी पिन नवी घातली, जुनाच एक्स्ट्रॅक्टर परत लावला. ती नीट चालली.

तुमच्याकडे गाठ असेल किंवा नसेल. त्याआधी साधी घाण तपासा, कारण ती कितीतरी जास्त वेळा सापडते. पॉइंट टू-टूची गोळी बाहेरून मेणासारख्या वंगणाने माखलेली असते आणि मऊ शिशाची असते. मेण, शिसं आणि जळलेल्या दारूची काजळी मिळून पुंगळीच्या तोंडाच्या जागी, चेंबरच्या पुढच्या टोकाला कडक कडं तयार होतं. नुसतं नळीतून फडकं फिरवून ते निघत नाही, फडकं त्याच्यावरून घसरत जातं. पॉइंट टू-टूची काडतुसं लांब (लाँग रायफल) आणि आखूड (शॉर्ट) अशी असतात; ज्यांनी लाँग रायफलच्या चेंबरमधून शॉर्ट काडतुसं चालवलीत त्यांच्याकडे तर हे हमखास असतं. शॉर्टची पुंगळी साधारण 10.7 मिमी लांब, लाँग रायफलची 15.6 मिमी. मधल्या पाच मिलिमीटरांत सगळी काजळी बसते आणि मग लांब पुंगळी तिथे आवळते.

साफ करताना सॉल्व्हंट चेंबरपुरतं लावा, दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, मग चेंबरच्या मापाचा पितळी ब्रश घालून तो एकाच दिशेला फिरवा. नुसता पुढेमागे करू नका. काही रायफलींत मागून सळई घालता येत नाही, पुढून घालावी लागते. तेव्हा नळीच्या तोंडाचा काठ सळईने घासू नये म्हणून गाइड वापरा. तो काठ खराब झाला तर नेमबाजीच बिघडेल. शेवटी चेंबर कोरडं करा. चेंबरमध्ये तेल ठेवायची काहींना सवय असते, ती सोडा. तेलकट भिंतीला पुंगळी धरत नाही आणि बोल्टवरचा धक्का वाढतो.

साफ झालं का, हे कळायला एक सोपी कसोटी आहे. बोल्ट काढलेला असताना त्याच रायफलीतून उडालेली एक पुंगळी पुसून चेंबरमध्ये बोटाने सोडा. ती जोर न लावता बसली पाहिजे आणि नखाने कड पकडून ओढली की तितक्याच सहज बाहेर आली पाहिजे. शेवटच्या दोन मिलिमीटरांत आवळत असेल तर कडं अजून आहे. बसली पण निघताना एका जागी अडते, असं झालं तर गाठ शोधा.

आता एक्स्ट्रॅक्टर. तुम्ही नवा घातलाय, तरी त्याच्या खाली काय आहे ते पाहिलंत का? आकड्याच्या पोटात आणि बोल्टच्या खाचेत मेण आणि पितळेचा चुरा साठतो. तो असला की आकडा पूर्ण आत मिटत नाही. टूथपिकने कोरून काढा. मग बोल्ट हातात घेऊन रिकामी पुंगळी आकड्याखाली सरकवा आणि बोल्ट कुठल्याही दिशेला कलता करा, हलका झटका द्या. पुंगळी धरून राहिली पाहिजे. लटकली किंवा पडली तर पकड ढिली आहे. ही कसोटी रिकाम्या पुंगळीवरच करा, जिवंत काडतुसावर कधीही नाही. आकड्याची धार बोथट आहे म्हणून तो घासून तीक्ष्ण करणारे लोक मी पाहिलेत. कोन एकदा बदलला की पुंगळी आकड्यातून वर घसरते, आणि तो भाग फेकूनच द्यावा लागतो.

इजेक्टर बहुतेक ब्लोबॅक रायफलींत स्थिर असतो, पत्र्याचा किंवा पोलादी दांड्याचा. तो वाकलाय का, टोक गोल झालंय का, बोल्ट मागे घेताना खाचेत मोकळा येतो का, एवढं पाहिलं की झालं. तो क्वचितच दोषी असतो.

खिडकीतून उडालेली पुंगळी परत आत येण्याचं एक कारण लोकांच्या डोळ्यांपुढे असून दिसत नाही: दुर्बीण. माउंट खालचा असेल किंवा दुर्बिणीचा गोल नॉब खिडकीच्या अगदी वर आला असेल तर पुंगळी त्याला आपटून मागे उडी घेते. दुर्बिणीच्या खालच्या बाजूला कागदी टेप चिकटवा आणि दोन मॅगझिन चालवा. टेपवर पितळी ठसे उमटले तर उत्तर मिळालं. तुमचा त्रास दुर्बीण बसवल्यानंतर सुरू झाला असेल तर ही तपासणी सगळ्यांत आधी करा.

काडतुसांचा वेगही पाहा. 40 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) स्टँडर्ड गोळी सेकंदाला साधारण 325 मीटरने निघते, हाय-व्हेलॉसिटी 370 च्या पुढे. काही सेमी-ऑटो रायफलींची स्प्रिंग हाय-व्हेलॉसिटीसाठीच बेतलेली असते. त्यात हळू काडतूस घातलं, वरून बोल्टच्या मार्गात घट्ट झालेलं जुनं तेल, तर बोल्ट पूर्ण मागे जातच नाही. तुम्ही अलीकडे काडतुसाचा प्रकार बदललात का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. ते आठवून पाहा. पण काडतूस बदलून त्रास थांबला म्हणजे चेंबर स्वच्छ आहे असं समजू नका. जोरदार काडतूस घाण चेंबरलाही काही काळ रेटून नेतं. आणि बोल्टची स्प्रिंग कापून छोटी करणं हा उपाय नव्हे. बोल्ट लवकर उघडू लागला की पुंगळी आधाराबाहेर असतानाच तिच्यात दाब असतो.

वाचणाऱ्यांपैकी काहींकडे गॅसवर चालणाऱ्या, म्हणजे नळीतला थोडा गॅस वळवून बोल्ट मागे ढकलणाऱ्या, रायफली असतील. त्यांचं शास्त्र थोडं निराळं आहे, कारण तिथे बोल्टला कुलूप असतं आणि पुंगळी ओढून काढायची पूर्ण जबाबदारी एक्स्ट्रॅक्टरवर असते. तिथे पुंगळी कुठे पडते ते पाहायचं. एआर-15 सारख्या रायफलीत उजव्या हाताला, घड्याळाच्या तीन ते साडेचारच्या दिशेला पडल्या तर ठीक. सतत एक-दोनच्या दिशेला पुढे उडाल्या तर बहुतेक वेळा गॅस जास्त. पाचच्या दिशेला, पायाशी मरगळून पडल्या तर गॅस कमी. मात्र इजेक्टरच्या स्प्रिंगमुळेही दिशा बदलते, म्हणून जोडीला दुसरी परीक्षा करा: मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून उडवा, बोल्ट मागे अडकून थांबतो का पाहा. थांबत नसेल तर तो पूर्ण मागे जात नाहीये. मग गॅस ब्लॉक (नळीवरचा गॅस वळवणारा भाग) ढिला आहे का, जोडावर काजळीचे फटकारे आहेत का, बोल्टच्या तीन गॅस रिंगा झिजल्यात का, हे पाहा. बोल्ट कॅरिअरमधून (बोल्टला घेऊन सरकणाऱ्या भागातून) पुढे ओढा आणि कॅरिअर बोल्टच्या तोंडावर उभा करा. स्वतःच्या वजनानेच तो खाली बसला तर रिंगा गेल्या.

एफएएलसारख्या गॅस रायफलीत गॅस कमीजास्त करणारा रेग्युलेटर असतो, त्याची रीत फार छान आहे. गॅस कमी करत जा, एकेक काडतूस उडवत जा, बोल्ट मागे थांबेनासा होईपर्यंत. मग गॅस वाढवत तो परत थांबू लागेल तिथवर या आणि वर आणखी दोन खाचा द्या. एवढाच गॅस हवा. जास्त गॅसने रायफल जास्त भरवशाची होते हा गैरसमज आहे. गॅस जास्त असला तर बोल्ट इतक्या लवकर उघडतो की पुंगळी अजून फुगून भिंतीला धरून असते. एक्स्ट्रॅक्टर तिची कड फाडतो आणि पुंगळी आतच राहते. लक्षण एक्स्ट्रॅक्टरचं, दुखणं गॅसचं. नव्या एक्स्ट्रॅक्टरने ती कड आणखी सफाईने फाटेल, बाकी काही होणार नाही.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याच्या एम16 रायफलीचं हेच झालं, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. काडतुसातली दारू बदलली, तिने रायफलीचा फैरी झाडण्याचा वेग आणि काजळी दोन्ही वाढलं, सुरुवातीच्या चेंबरना क्रोमचा मुलामा नव्हता, दमट हवेत त्यांना गंज चढून खड्डे पडले आणि सैनिकांना साफसफाईचं साहित्य आणि शिक्षण पुरेसं दिलं नव्हतं. ऐन लढाईत पुंगळ्या चेंबरमध्ये रुतून बसायच्या आणि जवान पुढून सळई घालून त्या ठोकून काढायचे. 1967 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने याची चौकशी केली. चेंबरला क्रोम आलं, साफसफाईचे संच आले. केसाएवढ्या गंजाच्या खड्ड्याकडे मी इतक्या गांभीर्याने का पाहतो, ते यावरून समजेल.

एका गोष्टीने उगाच घाबरू नका. जी3 या जर्मन रायफलीच्या चेंबरला मुद्दाम उभ्या खाचा असतात, पुंगळीभोवती गॅस जावा आणि ती चिकटू नये म्हणून. तिच्या पुंगळ्यांवर उभ्या काळ्या रेघा दिसणारच.

पुंगळीची कड फाटलेली दिसली, बुडाजवळ फुगवटा किंवा चीर दिसली, तर मात्र तिथेच थांबा. आणखी एक बार उडवून पाहू, असं नको. रायफल आणि त्या पुंगळ्या दोन्ही घेऊन जाणकार गनस्मिथकडे जा. हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर, ही गेजने मोजायची गोष्ट आहे, अंदाजाची नाही.

तुमच्यासाठी क्रम असा. आधी दुर्बिणीची टेप. मग चेंबरची सफाई आणि बोटाची कसोटी. मग आकड्याखालची घाण. दर पायरीनंतर तीच काडतुसं, तेच मॅगझिन, 50 फैरी आणि नोंद. दोन गोष्टी एकदम करू नका, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही. जुना एक्स्ट्रॅक्टर टाकून दिला नसेल तर जपून ठेवा, तो बहुधा चांगलाच असेल. आणि आज संध्याकाळी, रायफल न उघडताच, अडकलेल्यांपैकी पाच-सहा पुंगळ्या घ्या, पिनची खूण बारावर लावून ओळीने मांडा आणि उभी रेघ दिसते का पाहा. दिसली तर कुठे, ते मला कळवा.